बॅग भरण्याआधीचे सहा आठवडे

केनिया-टांझानियाच्या सहलीला निघालेल्या एखाद्या ग्रुपचे व्हॉट्सअ‍ॅपवरचे निरोप वाचून पाहा. काश्मीर, केरळ, दुबई, युरोप झाल्यावर आता आफ्रिकेतली सफारी हे आपल्याकडच्या निवृत्त जोडप्यांचं मोठं स्वप्न झालं आहे, आणि त्यात वावगं काहीच नाही. पण या निरोपांत चर्चा कसली असते? कॅमेऱ्याला लेन्स कोणती घ्यावी, डॉलर किती न्यावेत, लॉजवर शाकाहारी जेवण मिळेल ना, चिवडा कोण आणणार आणि लाडू कोण. आरोग्याबद्दल एकच ओळ असते, ‘आपापली औषधे सोबत ठेवावीत’. एखाद्याने भीत भीत विचारलं की मलेरियाच्या गोळ्या घ्यायच्या का, तर कोणीतरी जाणता गृहस्थ उत्तर देतो, ‘अहो, आपण डासांतच वाढलो. त्या गोळ्या गोऱ्या लोकांसाठी असतात.’

या एका वाक्यामुळे माणसं जिवावरच्या दुखण्यात सापडू शकतात. म्हणून आज त्याच्याविषयी लिहितो आहे.

त्या वाक्यात तथ्य अजिबातच नाही असं नव्हे, आणि म्हणूनच ते पटतं. कर्कवृत्त महाराष्ट्राच्या उत्तरेकडून जातं. म्हणजे नंदुरबारपासून सिंधुदुर्गापर्यंत आपण सगळे उष्ण कटिबंधातलेच रहिवासी. लंडनहून निघालेल्या प्रवाशासाठी लिहिलेल्या मार्गदर्शक पुस्तकातल्या अर्ध्या सूचना आपल्याला वाचाव्याही लागत नाहीत. नळाचं पाणी बिनदिक्कत पिऊ नका, कापून ठेवलेली फळं खाऊ नका, भटक्या कुत्र्यापासून जपा, हे आपण आईच्या कडेवर असतानाच शिकलेलो असतो. ‘हिपॅटायटिस ए’ची कावीळ आपल्या पिढीतल्या बहुतेकांना लहानपणी कळत-नकळत होऊन गेलेली असते आणि तिच्याविरुद्धची प्रतिकारशक्ती जन्मभर टिकते. (आपल्या नातवंडांचं तसं नाही. शुद्ध पाण्यावर वाढलेल्या शहरी मुलांना ही कावीळ झालेली नसते, त्यामुळे त्यांच्या लसीचा विचार जरूर करावा.)

मलेरियाचा हिशोब मात्र निराळा आहे. डास चावून चावून मलेरियाविरुद्ध प्रतिकारशक्ती येत नाही. ती येते मलेरिया पुनःपुन्हा झाल्याने, आणि तीसुद्धा अर्धवटच. पश्चिम केनियातल्या खेड्यात वाढलेल्या प्रौढ माणसाला ती थोडीफार असते, कारण लहानपणापासून त्याच्या रक्तात ते परजीवी वर्षानुवर्षं येत-जात राहिलेले असतात. त्या वयात वाचलेल्यांच्या वाट्याला आलेलं ते संरक्षण असतं. गाव सोडून तो काही वर्षं परदेशात राहिला तर तेही ओसरू लागतं. डोंबिवलीत किंवा कोथरूडमध्ये चाळीस वर्षं डास मारत बसलेल्या माणसाकडे त्यातलं काहीही नसतं. या बाबतीत आपण आणि तो गोरा प्रवासी अगदी एका पायरीवर उभे आहोत.

शिवाय मलेरिया म्हणजे एकच एक आजार नव्हे. आपल्याकडच्या शहरांत बहुतेकांना आठवतो तो व्हायव्हॅक्स जातीचा. हुडहुडी भरून ताप, एक दिवसाआड पाळी, क्लोरोक्विनच्या गोळ्या, आठवडाभर अशक्तपणा आणि मग सगळं विसरून जायचं. पूर्व आफ्रिकेत प्रामुख्याने आढळतो तो फाल्सिपेरम. आपल्याकडे गडचिरोलीच्या लोकांना तो चांगला माहीत आहे. हा पाळीबिळी पाळत नाही. सुरुवात डोकेदुखीने, अंगदुखीने, कधी नुसत्या जुलाबांनी होते. उपचार मिळाले नाहीत तर एखाद्या दिवसात तो मेंदू आणि मूत्रपिंडांपर्यंत पोचू शकतो. क्लोरोक्विनला तो तिकडे दाद देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ साली जगभरात मलेरियाने ५ लाख ९७ हजार माणसं गेली. त्यातली सुमारे ९५ टक्के आफ्रिका विभागातली होती आणि बहुसंख्य पाच वर्षांखालची मुलं होती. ‘नेहमीचाच हिवताप’ म्हणून खांदे उडवण्यासारखा हा आकडा नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की या सहलीची तयारी बॅगेपासून सुरू करू नये. बॅग आदल्या आठवड्यात भरली तरी चालते. डॉक्टरांची भेट मात्र निघण्याच्या सहा आठवडे आधी व्हायला हवी.

सहाच का? पहिलं कारण पीतज्वराची, म्हणजे यलो फीव्हरची लस. केनिया, युगांडा, इथिओपिया या देशांत जाऊन भारतात परतताना लसीचं प्रमाणपत्र लागतं आणि ते लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी ग्राह्य होतं. लस कोणत्याही दवाखान्यात मिळत नाही. सरकारने नेमून दिलेल्या केंद्रांवरच, म्हणजे विमानतळ आणि बंदर आरोग्य कार्यालयांत किंवा ठरावीक रुग्णालयांत घ्यावी लागते. एका कुपीत अनेक डोस असतात आणि कुपी उघडली की ते काही तासांत संपवावे लागतात, त्यामुळे केंद्रं ठरलेल्या दिवशी ठरावीक माणसांनाच बोलावतात. निघण्याच्या आठवड्यात धावाधाव केली तर नंबर लागतोच असं नाही. प्रमाणपत्र नसेल तर परतल्यावर त्या देशातून निघाल्यापासून सहा दिवस पूर्ण होईपर्यंत विलगीकरणात ठेवलं जाऊ शकतं.

विमानतळावरच्या या कडकपणाला अनेक जण सरकारी जाच म्हणतात. मला तो योग्य वाटतो. पीतज्वर पसरवणारा डास म्हणजे एडिस इजिप्ती, आपल्याकडे डेंग्यू पसरवणारा तोच. तो आपल्या फुलदाण्यांत, कूलरमध्ये आणि गच्चीवरच्या टायरमध्ये भरपूर आहे. पीतज्वराचा विषाणू मात्र भारतात आजवर रुजलेला नाही. डास तयार, माणसं दाटीवाटीने राहणारी, प्रतिकारशक्ती कोणालाच नाही. कमी आहे ती फक्त ठिणगीची. ती एखाद्या पर्यटकाच्या रक्तातून येऊ नये म्हणून तो पिवळा कागद तपासतात. हे प्रमाणपत्र २०१६पासून आयुष्यभरासाठी ग्राह्य धरलं जातं, तेव्हा ते पासपोर्टसोबतच जपून ठेवावं.

दुसरं कारण जास्त नाजूक आहे. ही जिवंत, पण दुर्बल केलेल्या विषाणूची लस आहे. मॅक्स थायलर यांनी १९३०च्या दशकात ती तयार केली आणि १९५१चं नोबेल त्यांना तिच्यासाठीच मिळालं. लस उत्तम आहे, पण सगळ्यांसाठी नाही. अंड्याची तीव्र अ‍ॅलर्जी असलेले, कर्करोगाचे उपचार किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असलेले, गरोदर स्त्रिया आणि तान्ही बाळं यांना ती सहसा देत नाहीत. साठीपुढच्यांमध्ये पहिल्यांदाच ही लस घेतल्यावर गंभीर दुष्परिणाम होण्याची शक्यता तरुणांपेक्षा जास्त असते. ते दुष्परिणाम विरळाच आहेत, पण आहेत. आणि आपल्या सफारीच्या ग्रुपांत साठीपुढचेच तर जास्त! संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट किंवा स्टिरॉइड घेणाऱ्या सत्तरीच्या आजींना बसमधल्या सगळ्यांसोबत रांगेत उभं करून ती टोचणं मला मान्य नाही. अशा वेळी पैसे भरण्याआधी डॉक्टरांशी बोलावं, आणि गरज पडली तर देशच बदलावा. हत्ती पाहायला कर्नाटकातलं काबिनीही वाईट नाही.

तिसरं कारण मलेरियाच्या गोळ्या. त्या कोणत्या, हे प्रकृतीवर आणि बाकीच्या औषधांवर ठरतं. आपल्याकडे सहज मिळते ती डॉक्सीसायक्लिन. निघण्याच्या एक-दोन दिवस आधी सुरू करून रोज एक घ्यायची. मेफ्लोक्विन आठवड्यातून एकदा घ्यायची असते, पण ती दोन-तीन आठवडे आधी सुरू करतात. फिट्स, नैराश्य किंवा अन्य मानसिक आजार असलेल्यांना ती चालत नाही. अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल हे तिसरं औषध बहुतेकांना कमी त्रासाचं असतं, पण हवं असेल तर आधीपासून शोध घ्यावा लागतो. औषधाच्या दुकानात उभं राहून ‘मलेरियाची एक स्ट्रिप द्या’ म्हणण्याचा हा विषय नाही.

डॉक्सीसायक्लिनचं तंत्र इथे नीट सांगतो, कारण चिठ्ठी लिहून देताना ते राहून जातं. ही गोळी जेवणानंतर, बसून किंवा उभ्याने, पूर्ण ग्लासभर पाण्यासोबत घ्यायची आणि अर्धा-एक तास आडवं व्हायचं नाही. रात्री अंथरुणात घोटभर पाण्याबरोबर गिळली तर ती अन्ननलिकेत अडकून तिथे जखम करते, आणि मग छातीत जळजळून माणूस परदेशात हृदयविकाराच्या धास्तीने अर्धमेला होतो. कॅल्शियमच्या आणि लोहाच्या गोळ्या, दूध, अ‍ॅसिडिटीची पांढरी औषधं हिच्यासोबत घेतली तर ती रक्तात नीट शोषली जात नाही, म्हणून मध्ये दोन-तीन तास जाऊ द्यावेत. या गोळीने त्वचेला ऊनही जास्त लागतं. आठ वर्षांखालच्या मुलांना आणि गरोदर स्त्रियांना ती देत नाहीत.

आणि सगळ्यात जास्त पायदळी तुडवला जाणारा नियम हा, की डॉक्सीसायक्लिन आणि मेफ्लोक्विन परत आल्यावरही चार आठवडे चालू ठेवायच्या असतात. माणसं काय करतात, तर मुंबईच्या विमानतळावर उतरले, सामान मिळालं, गोळ्या संपल्या! डास चावला की मलेरियाचे परजीवी आधी यकृतात जाऊन लपतात, तिथे वाढतात आणि मग रक्तात उतरतात. या गोळ्या त्यांना रक्तात गाठतात, यकृतात नाही. शेवटच्या रात्री चावलेल्या डासाचे परजीवी तुम्ही घरी येऊन फोटो दाखवत असताना रक्तात उतरणार असतात. तेव्हा पहारा उठवलेला असेल तर आधीच्या सगळ्या गोळ्या वाया गेल्या. (अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल यकृतातही काम करते, म्हणून तिला परतल्यावर सातच दिवस पुरतात.)

आपल्याकडे आणखी एक पळवाट असते, ती म्हणजे होमिओपॅथीच्या ‘प्रतिबंधक’ गोळ्या. स्पष्टच लिहितो, त्यांनी मलेरिया टळतो याला पुरावा नाही. लसूण, कडुनिंब आणि ब जीवनसत्त्वाचंही तेच. तुमची श्रद्धा असेल तर घ्या, पण त्यांच्या भरवशावर खऱ्या गोळ्या सोडू नका.

गोळ्या घेतल्या म्हणून डास चावू द्यायचे असंही नाही. मलेरियाचा अ‍ॅनाफिलिस डास संध्याकाळ ते पहाट चावतो. नेमकी तीच वेळ लॉजच्या अंगणात शेकोटीभोवती गप्पा मारत बसण्याची असते. तेव्हा पायघोळ पँट, पूर्ण बाह्यांचा शर्ट, पायांत मोजे. उघड्या त्वचेवर लावायच्या मलमाच्या वेष्टनावर डीट किंवा पिकारिडिन किती टक्के आहे ते वाचावं. वीस ते तीस टक्के असेल तर ते काही तास टिकतं. सिट्रोनेलाचे स्टिकर आणि मनगटातले सुगंधी पट्टे आपल्या सोसायटीच्या बागेत ठीक, तिथे नकोत. सनस्क्रीन आधी, डासांचं मलम नंतर. तंबूतली मच्छरदाणी ही शोभेची झालर नसते. ती चारी बाजूंनी गादीखाली खोचायची आणि झोपण्याआधी टॉर्च लावून आत कोणी पाहुणा राहिला नाही ना ते बघायचं.

आता बॅग.

आफ्रिका म्हणजे आग ओकणारा सूर्य, ही समजूत घेऊन आपली माणसं फक्त पातळ सुती कपडे नेतात आणि पहिल्याच पहाटे कुडकुडतात. नैरोबी विषुववृत्तापासून जेमतेम दीड अंशावर आहे, पण समुद्रसपाटीपासून सुमारे १,८०० मीटर उंच. आपलं कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर! म्हणजे नैरोबीचा माणूस रोज कळसूबाईपेक्षा उंचावर भाजी आणायला जातो. मसाईमाराही दीड हजार मीटर आणि त्याहून वर आहे. जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे वाइल्डबीस्टचं स्थलांतर पाहायला आपण जातो तेव्हा, तिथे हिवाळा असतो आणि पहाटे पारा १०-१२ अंशांपर्यंत उतरतो. टांझानियात गोरोंगोरोच्या कड्यावर तर याहून थंडी. पहाटे सहाला छत उघडलेल्या जीपमध्ये उभं राहायचं तर स्वेटर, वारा अडवणारं जाकीट आणि कानटोपी हवीच. दुपारी याच्या अगदी उलट. हवा गार, म्हणून ऊन जाणवत नाही; पण दर हजार मीटरला अतिनील किरण सुमारे दहा टक्क्यांनी वाढतात. ‘आम्ही मुळातच सावळे’ हा युक्तिवाद तिथे चालत नाही. रुंद काठाची टोपी घ्या. हाच प्रवास पुढे मोम्बासा किंवा झांझिबारला जाणार असेल तर तिथे आपल्या रत्नागिरीसारखी घामट हवा. एकाच बॅगेत महाबळेश्वर आणि रत्नागिरी दोन्ही मावली पाहिजेत.

रंगांचंही शास्त्र आहे. सेरेंगेटीच्या बाजूला त्सेत्से नावाची माशी असते. ती पातळ कापडातूनही कडकडून चावते आणि काही भागांत तिच्यामुळे निद्रारोग होतो. पर्यटकांना तो क्वचितच होतो, पण चावा फार झोंबतो. या माशीला गडद निळा आणि काळा रंग आवडतो. तिला पकडायचे सापळेच निळ्या कापडाचे करतात. डासांच्या मलमाला ती फारशी जुमानत नाही. आणि आपला प्रवासाचा राष्ट्रीय पोशाख कोणता? निळी जीन्स! ती विमानात घाला, जंगलात खाकी, मातकट, फिकट हिरवा रंग बरा. मात्र लष्करी ठिपक्यांचे कपडे अजिबात नकोत. युगांडासारख्या काही देशांत सामान्य नागरिकाने ते घालणं हा गुन्हा आहे.

आता चिवडा. मी फराळ नेण्याच्या विरोधात नाही, उलट पहिले दोन दिवस पोटाला ओळखीचं अन्न मिळालेलं चांगलंच. पण केनियात ऑगस्ट २०१७पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, आणि तिथला दंड आपल्याकडच्यासारखा कागदावरचा नाही. टांझानियानेही २०१९मध्ये बंदी आणली. आपल्याकडे तर चिवडा एका पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, चपला तिसरीत. हे सगळं घरीच सोडून स्टीलचे किंवा झाकणाचे डबे आणि कापडी पिशव्या घ्या. केनियाच्या राष्ट्रीय उद्यानांत जून २०२०पासून एकदा वापरून फेकायच्या पाण्याच्या बाटल्याही चालत नाहीत, म्हणून प्रत्येकाची स्वतःची लिटरभराची स्टीलची बाटली हवी. आणि विमान दुबई-अबुधाबीमार्गे असेल तर बॅगेत खसखस नको. संयुक्त अरब अमिरातीत खसखस अमली पदार्थांच्या कायद्याखाली प्रतिबंधित आहे. दिवाळीच्या सुट्टीत निघणाऱ्यांनी अनारसे घरीच संपवून निघावं. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध आणि ट्रॅमाडॉल या वेदनाशामकाबद्दलही तिथे कडक नियम आहेत.

बॅग मऊ आणि लहान घ्या. सफारीच्या छोट्या विमानांत हँडबॅग धरून साधारण १५ किलोच नेता येतं आणि चाकांची कडक पेटी त्यांच्या पोटात मावत नाही.

औषधांचा बटवा हातातल्या बॅगेत. आपली रोजची औषधं सहलीचे दिवस अधिक आठवडाभराची जादा, मूळ स्ट्रिपमध्ये, सोबत औषधांची मूळ नावं लिहिलेली डॉक्टरांची चिठ्ठी. रंगीत डबीत सोमवार-मंगळवार लावून ठेवलेल्या निनावी गोळ्या कस्टमच्या माणसाला ओळखू येत नाहीत आणि तुम्ही बेशुद्ध पडलात तर तिथल्या डॉक्टरांनाही नाही. इन्सुलिन मोठ्या बॅगेत टाकू नका, विमानाच्या पोटात ते गोठू शकतं. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी निकामी. दम्याचा पंप खिशात ठेवा, कारण तिथली लाल धूळ वाईट असते. पॅरासिटामॉल, अ‍ॅलर्जीची गोळी, जखमेचं मलम, आणि जवळजवळ प्रत्येक जण विसरतो तो डिजिटल थर्मामीटर. ‘अंग गरम वाटतंय’ आणि ‘१०२ ताप आहे’ यांत निर्णयाचा फरक असतो. तापात अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन नको, कारण किनारपट्टीवर डेंग्यूही आहे.

ओआरएसची पाकिटं माणशी निदान सहा न्या. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र लिहिलेलं बघून घ्या. ओआरएसचं नाव लावून विकल्या जाणाऱ्या गोड पेयांना ते नाव वापरायला आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५मध्ये मनाई केली, ती योग्यच केली. जुलाब बंद करणारी लोपेरामाइडची गोळी लांबच्या प्रवासापुरती ठीक, पण ताप किंवा शौचावाटे रक्त असेल तर घेऊ नये.

इथे एका गोष्टीवर थांबायला हवं, कारण कोणत्याही यादीत ती नसते. सफारीत बायका पाणी पीत नाहीत. चार-पाच तास जीपमध्ये, खाली उतरायला बंदी, आडोसा नाही आणि गाडीत अनोळखी पुरुष. मग सोपा उपाय म्हणजे सकाळपासून घोटभरच पाणी. परिणाम म्हणजे दुपारी डोकं दुखणं, पायात गोळे, तिसऱ्या दिवशी लघवीला जळजळ आणि ताप. मूत्रविसर्जन वाढवणारी रक्तदाबाची गोळी चालू असेल आणि त्यात जुलाब लागले तर मूत्रपिंडांवर ताण येतो आणि चक्कर येऊन पडण्याचीही भीती असते. सिंह दिसला की चालक गाडी थांबवतो. स्वच्छतागृहासाठीही थांबवतो, पण सांगायला हवं. उद्यानांच्या फाटकांशी, धावपट्ट्यांशी, लॉजवर सोय असते. टूर मॅनेजरने दर दोन-तीन तासांचा थांबा पहिल्याच सकाळी जाहीर करून टाकावा, म्हणजे कोणाला तोंड उघडून मागावा लागणार नाही. गोळ्यांच्या वेळाही जुलाब झाल्यास काय बदलायच्या, हे निघण्याआधीच्या डॉक्टरांच्या भेटीत विचारून कागदावर लिहून घ्यावं.

पाण्याचीच आणखी एक बाब. व्हिक्टोरिया सरोवर कितीही निळंशार दिसलं तरी त्यात पोहायचं नाही, काठाला पाय सोडून बसायचंही नाही. गोड्या पाण्यातल्या गोगलगाईंमधून बाहेर पडणारे शिस्टोसोमाचे सूक्ष्म जंतू अखंड त्वचेतून आत शिरतात. भारतात हा रोग जवळपास नाहीच. गंमत म्हणजे १९५०च्या दशकात त्याचं एक छोटं ठिकाण सापडलं ते आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यात, गिमवी गावात. आपल्या डॉक्टरांनी हा आजार पुस्तकातच पाहिलेला असतो, तेव्हा तो अंगावर घेऊन येऊ नये. समुद्रात मात्र ही भीती नाही.

विम्याबद्दल थोडक्यात. स्वस्तातली पॉलिसी घेण्याआधी दोनच प्रश्न विचारा. आधीपासूनचा मधुमेह-रक्तदाब धरला आहे का, आणि रुग्णाला विमानाने हलवण्याचा खर्च मिळतो का? मसाईमारातून मोठं रुग्णालय गाठायचं तर नैरोबी, आणि तातडीचा रस्ता हवेतूनच. १९५७पासून पूर्व आफ्रिकेत ‘अ‍ॅम्रेफ’ची फ्लाइंग डॉक्टर्स ही विमानसेवा हेच काम करते आहे. तिचं अल्प मुदतीचं सभासदत्व पर्यटकांनाही मिळतं. आपल्या सहलीत ते धरलं आहे का, हे टूर कंपनीला विचारावं.

टूर कंपन्यांकडून माझी अपेक्षा याहून मोठी आहे. पैसे भरण्याच्या अर्जात जेवण जैन की साधं हे विचारतात, खिडकीची जागा हवी का विचारतात. मग वय साठीपुढे आहे का, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू आहेत का, पीतज्वराची लस झाली आहे का, हे तिथेच का विचारू नये? आज हे सगळं निघण्याच्या पंधरा दिवस आधीच्या मेळाव्यात कळतं. तोवर पैसे परत मिळण्याची मुदत उलटलेली असते आणि माणूस ‘आता काय व्हायचं ते होईल’ म्हणत दंड पुढे करतो. लस देणाऱ्या सरकारी केंद्रांनीही टोचून शिक्का मारण्यावर थांबू नये. समोर बसलेला माणूस मलेरियाच्या देशात निघाला आहे हे त्यांना ठाऊक असतं. मराठीत छापलेला एक पानी कागद त्याच्या हातात दिला तर खर्च किती येईल?

त्या कागदावर सर्वांत ठळक अक्षरांत परतल्यानंतरच्या तापाबद्दल असावं. पूर्व आफ्रिकेतून आल्यावर तीन महिन्यांत कधीही ताप आला, तर तो सिद्ध होईपर्यंत व्हायरल नाही, हवामान बदलाचा नाही आणि दगदगीचाही नाही. गोळ्या नियमित घेतल्या असल्या तरी नाही. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं आणि पहिलं वाक्य ‘ताप आहे’ असं न म्हणता ‘मी केनियाहून आलोय आणि ताप आहे’ असं म्हणायचं. पावसाळ्यात खच्चून भरलेल्या दवाखान्यात डॉक्टर विचारतीलच असं नाही. मलेरियासाठी रक्ताची तपासणी त्याच दिवशी करून अहवालही त्याच दिवशी हातात घ्यायचा. पहिला अहवाल निर्दोष आला आणि ताप तसाच असेल तर बारा ते चोवीस तासांनी पुन्हा रक्त द्यायचं, आणि गरज पडली तर तिसऱ्यांदाही.